वाक्यात उपयोग करा : भूमा

अब्बांचं चंद्रपुरात, कोटाच्या आत, पुस्तकबांधणीचं छोटं दुकान होतं. कॉलेजच्या वाचनालयातली फाटकी पुस्तकं, शाळांचे हजेरीपट, वकिलांचे जाडजूड ग्रंथ असं सगळं तिथे यायचं. शाळा सुटली की मी दुकानात बसायची आणि सुटी झालेली पानं आकड्यांप्रमाणे लावून द्यायची. लावता लावता वाचायची. अब्बा रागवत नसत. "वाच, पण खळ वाळायच्या आत वाच," एवढंच म्हणायचे. घरी आम्ही हिंदी बोलत असू. दुकानात मात्र ते माझ्याशीसुद्धा मराठीतच बोलायचे, कारण येणारं गिऱ्हाईक मराठी, आणि गिऱ्हाइकासमोर बापलेकीनं दुसऱ्या भाषेत बोललं तर त्याला परकं वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

तत्त्वज्ञानाची ओढ मला त्या सुट्या पानांतूनच लागली. एकदा एका पुस्तकाची पानं पार विस्कटलेली आली होती आणि काहींचे आकडे उंदरांनी खाल्ले होते. कोणतं पान कशानंतर हे ठरवायला मला अर्थ लावत बसावं लागलं. दोन दिवस गेले. पुढे बी. ए., मग एम. ए. तत्त्वज्ञानातच केलं, आणि नव्वदच्या दशकात, मी चोविसाव्या वर्षात असताना, लघुप्रबंध लिहायला घेतला. विषय एका शब्दाचा होता : ‘भूमा’. अर्थ आणि वापर.

मार्गदर्शक होते आमचे कॉलेजातले सर. ते निवृत्त होऊन पोंभुर्ण्याला आपल्या धानाच्या शेतीवर परत गेले होते. मी महिन्यातून एकदा बसनं जायची, ते बांधावर छत्री टेकवून बसायचे आणि मी वाचून दाखवायची. शब्दाचा अर्थ सांगायला मला अवघड गेलं नाही. ‘बहु’पासून तो आलेला आहे. म्हणजे पुष्कळपणा. पण हा पुष्कळपणा मोजण्याचा नाही. आपण ‘पूर्ण’ म्हणतो तेव्हा त्यात भरलेलं असा अर्थ असतो, आणि जे भरलेलं ते रितंही होऊ शकतं. ‘विपुल’ म्हटलं तर दुसऱ्या कशाच्या तरी तुलनेत विपुल. भूमा भरलेला नाही आणि कशापेक्षा मोठाही नाही. त्याच्या बाहेर दुसरं काही उरतच नाही. उलट अर्थाचा शब्द ‘अल्प’. आणि जिथे दुसरं काही दिसतं, ऐकू येतं, हवंसं वाटतं, तिथे सगळं अल्पच.

सरांनी हे ऐकून मान हलवली. "अर्थ झाला. आता वापर. तुह्या स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य लिहून दाखव, ज्यात हा शब्द खरा बसंन. पुस्तकातलं नाई पाहिजे मले."

मी त्या वाक्यासाठी आठ महिने घालवले. नाना वाक्यं लिहिली आणि खोडली. शेवटी कंटाळून एक लिहिलं : ‘समुद्राकडे पाहताना मला क्षणभर भूमा जाणवला.’ वाक्य दिसायला छान होतं. फक्त मी समुद्र पाहिलेला नव्हता. नागपूरच्या पलीकडे मी गेलेच नव्हते. सरांना ते दाखवायचं धाडस झालं नाही. परस्पर टायपिंगला देऊन टाकलं.

त्याच वर्षी जूनमध्ये मला भामरागडच्या एका आश्रमशाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. मुलींच्या वसतिगृहाचं कामही माझ्याकडेच होतं, त्यामुळे सुट्टी मिळणं कठीण. प्रबंधाचं पुढचं सगळं अब्बांच्या अंगावर पडलं. त्यात टायपिस्टनं घोळ घातला. ‘भूमा’ ही चूक आहे असं समजून त्यानं सगळीकडे मन लावून ‘भूमी’ केलं. पहिल्या मसुद्यात माझा प्रबंध जमिनीवरचा झाला होता. आमच्या शाळेच्या कारकुनानंही विषय ऐकल्यावर विचारलं होतं, "भूमा म्हणजे ते भूमापनवालं काय, बाई? माह्या शेताची मोजणी अडून राह्यली." अब्बांनी टायपिस्टच्या शेजारी खुर्ची टाकून सगळी पानं पुन्हा करून घेतली. यात ऑगस्ट उजाडला. महिनाअखेर प्रबंध सादर करायचा होता आणि त्याआधी माझी सही, सरांची सही लागणार होती. मी पत्र लिहिलं की तिन्ही प्रती टपालानं पाठवा.

उत्तर फोनवर आलं. भामरागडला किराणा दुकानात एकच फोन होता, तिथून बोलावणं आलं. "टपालात कायले देऊ?" अब्बा ओरडून बोलत होते. "एवढी मेहनत कोणाच्या थैल्यात टाकून देऊ? मीच येऊन राह्यलो. उद्या सकाळच्या गाडीनं निघतो."

मी म्हणाले, "अब्बा, पावसाचं नका येऊ."

"छत्री हाये न," ते म्हणाले आणि फोन कटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं. भामरागडला हे दरवर्षी होतं. तीन नद्या जवळजवळ येतात, आणि फुगल्या की मागचे नालेही अडवून धरतात. अब्बांची गाडी चार वाजता यायची होती. मी छत्री घेऊन नदीकाठी गेले. पूल दिसत नव्हता. पाणी तांबडं आणि जाड, त्यातून अख्खी झाडं मुळांसकट जात होती. गाडी पलीकडे कुठेतरी असणार, कदाचित आलापल्लीलाच थांबवली असेल, असं सगळे म्हणाले. किराणावाल्याच्या फोनची तार त्याच संध्याकाळी गेली.

पहिले दोन दिवस मी स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणालं, की मधल्या एका नाल्यात गाडी वाहून गेली. कोणती गाडी हे सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. त्यानं दुसऱ्याकडून ऐकलं होतं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडून. त्या दिवशी मी वर्गात बेरजेचं गणित फळ्यावर मांडलं आणि उत्तर लिहायचं विसरून तशीच उभी राहिले. मुली शांत बसून होत्या. एरवी त्या शांत बसत नसत.

स्वयंपाकघर सांभाळणारी माडिया आदिवासी बाई माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी होती. मराठी मोजकंच बोलायची. ती रोज दोनदा माझ्यासमोर ताट ठेवायची आणि मी न जेवता परत केलं की काही न बोलता उचलायची. पाचव्या दिवशी तिनं ताट उचललं नाही. समोर बसली आणि म्हणाली, "पाणी उतरते. दर वर्षी उतरते." मला रडू आलं, कारण पत्र मीच लिहिलं होतं. प्रबंध मागवला मी, आणि कशासाठी, तर एका खोट्या वाक्याखाली सही करायला.

सहाव्या दिवशी सकाळी ठाण्यातला शिपाई भिजत शाळेत आला. पोलिसांचा बिनतारी संच चालू झाला होता. तो व्हरांड्यात पावलं पुसत म्हणाला, "बाई, पल्याडच्या एसटीतले लोक सुखरूप हायेत म्हणे. गाडी दोन नाल्यांच्या मधात अडकली. सगळ्यायले तिथल्या गावात ठेवलं."

"सगळ्यांना? नावं सांगितली?"

"नावं नाई सांगतली. पण जमादार हसून राह्यले होते. म्हणे, त्यात एक दाढीवाले चाचा हायेत, ते पाच दिवसापासून तिथल्या शाळेचे फाटके पुस्तकं शिवून राह्यले."

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले.  त्यानंतर किती वेळ गेला मला सांगता येत नाही. नदीचा आवाज सहा दिवस कानात होता, तो थांबल्यासारखा झाला. नदी थांबली नव्हती, हे मला माहीत होतं. मी काही मागत नव्हते, काही आठवत नव्हते, कोणाचे आभारही मानत नव्हते. शिपाई ‘बाई, बाई’ म्हणत होता म्हणे. मग पोटात एकदम भूक पेटली आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलंसुद्धा नाही. तिनं भात वाढला, वर आंबाडीची भाजी. मी चार वेळा घेतलं. खिडकीतून मुली पाहत होत्या आणि आता त्यांना हसायची परवानगी आहे हे ओळखून जोरजोरात हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला. नाले ओसरले, गाडी नदीपर्यंत आली, पण पूल अजून पाण्यातच होता. दुपारपर्यंत पाण्याचा जोर कमी झाला तेव्हा माणसं पार करणारा डोंगा सुरू झाला. तिसऱ्या फेरीत अब्बा आले. एका हातानं डोंग्याची कड धरलेली, दुसऱ्या हातानं रेक्झीनमध्ये गुंडाळलेलं गाठोडं डोक्यावर धरलेलं. कपडे चिखलाचे, दाढी वाढलेली, आणि चेहरा मात्र लग्नाहून आल्यासारखा.

मी पाण्यात गुडघाभर शिरले. "अब्बा!"

"अवो, तू कायले पाण्यात आली? मी येऊनच राह्यलो न." मग माझ्याकडे नीट पाहून त्यांचा आवाज उतरला. "वाळली तू. जेवली नाई काय?"

"काल जेवले."

"काल!" ते म्हणाले आणि गाठोडं माझ्या हातात देऊन तिथेच रेतीवर बसले. मग आम्ही दोघंही बसलो. मी त्यांचा हात धरला होता. तो खळीनं चिकट होता.

त्या संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी सगळं सांगितलं. ऐकायला मुली, कारकून, ती स्वयंपाकवाली बाई, सगळे गोळा झाले. माझ्यापासून ते सहा-सात मैलांवर होते, सहाही दिवस. गावातल्या एका म्हाताऱ्या जोडप्यानं त्यांना आपल्या पडवीत जागा दिली. "मले म्हणे मांस खातो काय. मी म्हणलं, नाई, भात द्या. तर भात, चिंचेचं पाणी, कधी मासोळी. पोटभर. सहा दिवस ढगात सूर्य नाई दिसला, मले पश्चिम समजून नाई राह्यली. नमाज कुठी तोंड करून पढू? म्हातारीले हातानं इशारा केला, सूर्य कुठी बुडते? तिनं एका मोहाच्या झाडाकडे बोट दाखवलं. रोज पाच वेळा मी त्या झाडाकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी तर मी उठायच्या आधीच ती मले तिकडची जागा झाडून देऊन राह्यली."

पुस्तकांचं असं झालं, की पिशवीत दाभण आणि दोरा कायम असायचाच. सगळ्यांना शाळेच्या खोलीत बसवलं तेव्हा कोपऱ्यात फाटक्या पुस्तकांचा ढीग दिसला. "नुसतं बसून करतो काय? म्हातारीकडून भाताची पेज मागितली, तिची खळ केली. एक बी पुस्तक वाया नाई गेलं. बालवाडीपासून चौथीपर्यंत सगळं शिवून दिलं."

"आणि माझा प्रबंध?"

अब्बांनी कान खाजवला. "दोन प्रती चांगल्या हायेत. एक भिजली. नाला पार करून राह्यलो तवा पाय घसरला. शिवण उसवून पानं सुटी केली, त्यायच्या चुलीवरच्या माळ्यावर वाळवली, पुन्हा बांधली. एक पान इकडचं तिकडे नाई गेलं. फक्त…"

"फक्त काय?"

"धुराचा वास मारते."

खरंच मारत होता. उघडलं की मोहाच्या लाकडांचा धूर नाकात जायचा. मी ती प्रत मांडीवर घेऊन हसत सुटले, आणि हसता हसता वापराच्या प्रकरणातलं शेवटचं पान उघडलं गेलं. ‘समुद्राकडे पाहताना.’ हसू तिथेच थांबलं. पुराच्या पाण्यातून एक माणूस डोक्यावर धरून घेऊन आला होता ते हे वाक्य.

रस्ता सुरू झाल्यावर चार दिवसांची सुट्टी मिळाली. अब्बा आणि मी सरांच्या सहीसाठी पोंभुर्ण्याला गेलो. सर शेतातून हात धुऊन आले, त्यांच्या पत्नींनी चहा दिला. सरांनी पेन उघडलं तेव्हा मी म्हणाले, "सर, थांबा. यातलं एक वाक्य खोटं आहे. मी समुद्र पाहिलेला नाही."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. सरांनी पेनाचं टोपण लावलं. "मंग खरं कोणतं हाये?"

मी त्यांना पायरीवरचं सांगितलं. शिपायानं दाढीवाले चाचा म्हटल्यावर जे झालं ते. "तेव्हा दुसरं काहीच उरलं नव्हतं, सर. नदीसुद्धा ऐकू येत नव्हती. तोच भूमा ना?"

सरांनी पेन बाजूला ठेवलं. मग हळू म्हणाले, "पोरी, ते मोठं हाये. पण ते सुटका हाये. सुटकेले आधी कोंडलेलं असावं लागते. तुह्या मनात भेव होतं, ते गेलं, त्या रिकाम्या जागेत आनंद भरला. भरला, म्हणजे तू म्हणते तसा तो ‘पूर्ण’च्या घरचा झाला. भूमाच्या आधी काही नसते."

ते बरोबर होतं. माझ्याच प्रबंधातला मुद्दा त्यांनी माझ्यासमोर ठेवला होता. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला उलट धीर आला आणि मी कधी विचारलं नसतं ते विचारलं. "सर, मग तुमचं वाक्य कोणतं?"

त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. "माह्यापाशी नाई," सर म्हणाले. "एवढी वर्षं शिकवला हा शब्द. परीक्षेत विचारला. माह्या तोंडून आपल्या गोष्टीसाठी एकदाही नाई निघाला. तुले वाक्य मागितलं, कारण मले वाटलं, तुह्याकडून तरी ऐकाले भेटंन."

 मग सर हसले. डोक्यावरचं ओझं अंगणात उतरवून ठेवल्यावर माणूस हसतो तसे. मलाही मोकळं वाटलं. आठ महिने मी समजत होते की सगळ्यांना येतं आणि मलाच येत नाही.

मी तिथेच त्यांच्या ओसरीत बसून एक पान हातानं लिहिलं. समुद्राचं वाक्य काढलं. लिहिलं, की या शब्दाचा प्रथमपुरुषी वापर प्रबंधलेखिकेला सापडलेला नाही. ‘मी भूमा अनुभवला’ असं म्हणणारा अनुभवापासून निदान एक पाऊल बाहेर आलेला असतो, आणि बाहेर काही उरलं की तो भूमा राहत नाही. तेव्हा हा शब्द माणसाला स्वतःविषयी विधान करायला बहुधा उपयोगी नाही. स्वतःची विधानं तपासायला मात्र उपयोगी आहे. मला जे भूमा वाटलं ते सुटका होती, हे मला या शब्दामुळेच कळलं. खाली पायरीची हकीकत दहा ओळींत दिली. सरांनी वाचलं, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि सही केली.

अब्बांनी पिशवीतून दाभण काढलं, तिन्ही प्रतींची शिवण उसवली, जुनं पान काढलं. बाकी दोन प्रतींसाठी मी तेच पान पुन्हा दोनदा लिहिलं. शिवता शिवता त्यांनी विचारलं, "तू तशी पायरीवर बसली होती, ते मले काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही विचारलंच नाही."

"मी तिकडे सहा दिवस झोपून नाई राह्यलो," ते दोऱ्याला गाठ मारत म्हणाले. "पुस्तकं शिवली कायले? हात चालू असला का डोकं चालत नाई. मले वाटे, पोरगी पुलावर पाहाले येईल आन् पाणी…"  हे त्यांनी व्हरांड्यातल्या गमतीत सांगितलं नव्हतं. म्हणजे नदीच्या दोन्ही काठांना एकच भीती बसलेली होती.

तोंडी परीक्षा दिवाळीनंतर नागपूरला झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या हाती नेमकी ती भिजलेली प्रत लागली. त्यांनी ती उघडली, मिटली, पुन्हा नाकाशी नेली. "हा धुराचा वास कसला?"

मी खरं ते सांगितलं. डोंगा, माळा, चूल. परीक्षक ऐकत राहिले. मग त्यांनी व्युत्पत्तीवर तीन कठीण प्रश्न विचारले, त्यातला एक मला आला नाही आणि मी तसं सांगितलं. शेवटी ते हातानं लिहिलेलं पान त्यांनी उघडलं.  त्यांनी ते सावकाश वाचलं आणि म्हणाले, "यावर मला काही विचारायचं नाही. तुमचे वडील आता कसे आहेत?"

"बाहेर बसलेत," मी म्हणाले.

अब्बा खरंच बाहेर बाकावर बसले होते. इस्त्रीचा सदरा घालून, मांडीवर पिशवी घेऊन. मी दारातूनच ‘झालं’ म्हणून मान हलवली. ते उठले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "चाल. साडेतीनची गाडी भेटंन."

गाडीत खिडकीची जागा त्यांनी मला दिली. बुटीबोरी जायच्या आत ते माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले, तोंड उघडं ठेवून, घोरत. समोरच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं. मी त्यांना हलवलं नाही. वरोऱ्याला गाडी थांबली तेव्हा उठवलं. आम्ही चहा प्यायलो, गरम भजी घेतली. अब्बांनी दुसरा चहा सांगितला आणि म्हणाले, आता परत जाताना कोणत्याच कामाची घाई नाही.